इंग्रजी हवीच, पण कोणत्या वाटेने?

(हातकणंगले येथे मंडळीचे सभासद आणि कार्याचे साहाय्यक यांच्या मेळाव्यात दिलेल्या भाषणाचा मजकूर)



आदिवासी मुलांच्या शिक्षणासाठी आपल्यापैकी अनेकजण महिन्याच्या महिन्याला मदत पाठवता. मुलांची खुशाली विचारता, प्रगतिपुस्तक पाहता. आणि बहुतेकजण मला एक प्रश्न हमखास विचारता : "मुलं इंग्लिश मीडियमला आहेत ना?" उत्तर 'हो' आले की तुमचा चेहरा खुलतो. 'नाही, मराठी शाळेत आहेत' असे म्हटले की थोडा पडतो. कुणी बोलून दाखवत नाही, पण मनात येते, की आपले पैसे नीट लागी लागत आहेत ना?

आज मला याच प्रश्नावर बोलायचे आहे. इंग्रजी कधी शिकवावी, कशी शिकवावी, कोणत्या भाषेच्या आधाराने शिकवावी, हा वाद जगभरच्या भाषातज्ज्ञांत शंभर वर्षे चालू आहे. आपल्याला वाटेल, हा विद्यापीठातल्या लोकांचा वाद, आपला काय संबंध? पण या वादात आपण कोणती बाजू घेतो, यावर पहिलीत बसलेल्या एका भिल्ल किंवा कोरकू लेकराचे पुढचे आयुष्य ठरते. म्हणून संबंध आहे.

आधीच सांगतो, मी इंग्रजीच्या विरोधात बोलायला उभा नाही. आदिवासी मुलाला इंग्रजी आली पाहिजे, आणि चांगली आली पाहिजे. सावित्रीबाई फुल्यांनी १८५४ साली 'काव्यफुले' या संग्रहात शूद्रातिशूद्रांना इंग्रजी शिकण्याचा आग्रह केला. डॉ. बाबासाहेब आंबेडकरांनी आपले बहुतेक मोठे ग्रंथ इंग्रजीत लिहिले आणि जगासमोर आपल्या लोकांची बाजू मांडली. आजही कोर्ट, बँक, वैद्यकीय प्रवेश, कॉम्प्युटर, सगळीकडे इंग्रजी लागते. पाड्यावरचे आईबाप जेव्हा म्हणतात, "सायबांची पोरं इंग्रजीत शिकणार आणि आमच्या पोरांना तुम्ही मातृभाषेचा उपदेश करणार?" तेव्हा त्यांचे म्हणणे खोडता येत नाही. ज्याची नातवंडे इंग्रजी शाळेत जातात, त्याने दुसऱ्याला मातृभाषेचे गोडवे सांगणे शोभत नाही. म्हणून इंग्रजी हवी की नको, हा माझा प्रश्न नाही. इंग्रजीपर्यंत मूल पोहोचते कसे, एवढाच माझा प्रश्न आहे.

आपल्या घरातला जुना वाद

हा वाद मिशनकार्याला नवा नाही. १८३० साली अलेक्झांडर डफ यांनी कलकत्त्यात इंग्रजी शिक्षणाची शाळा काढली, आणि वरच्या शिक्षणाची भाषा इंग्रजीच असावी असा आग्रह धरला. त्याच्या पंचवीस वर्षे आधी, १८०५ साली, विल्यम कॅरी यांनी श्रीरामपूरहून मराठीचे व्याकरण आणि मत्तयाच्या शुभवर्तमानाचे मराठी भाषांतर छापले होते. म्हणजे एका बाजूला 'इंग्रजीतून वर नेऊ' म्हणणारे आणि दुसऱ्या बाजूला 'लोकांच्या भाषेतूनच त्यांच्यापर्यंत जाऊ' म्हणणारे, असे दोन प्रवाह सुरुवातीपासूनच होते.

मुंबई इलाख्यातही हेच झाले. १८४० च्या दशकात शिक्षण मंडळाचे अध्यक्ष अर्स्किन पेरी इंग्रजीच्या बाजूचे होते. जगन्नाथ शंकरशेट आणि कर्नल जर्व्हिस देशी भाषांच्या बाजूचे. पुढे १८५४ च्या वुडच्या खलित्याने मधला मार्ग सांगितला : सर्वसामान्यांचे शिक्षण देशी भाषेतून, वरचे शिक्षण इंग्रजीतून.

कोल्हापूरच्या मंडळीला जवळचे असलेले एक नाव या इतिहासात आहे : रॉयल वाइल्डर. ते १८५२ च्या अखेरीस कोल्हापुरात आले. १८५४-५५ मध्ये बोस्टनहून अमेरिकन बोर्डाचे सचिव रूफस अँडरसन पाहणीसाठी हिंदुस्थानात आले. मिशनचा पैसा इंग्रजी शाळांवर आणि बिगरख्रिस्ती मुलांच्या शाळांवर फार खर्चू नये, स्थानिक भाषेतल्या उपदेशावर भर द्यावा, असे त्यांचे मत होते. त्यानंतर काही शाळा बंद झाल्या. वाइल्डर यांना हे पटले नाही. त्यांनी शाळांची बाजू घेऊन १८६१ मध्ये पुस्तक लिहिले, आणि त्याच वर्षी बोर्डाच्या मदतीशिवाय कोल्हापूरला परतून काम सुरू केले.

दोघांत बरोबर कोण, याचा निवाडा मी करत नाही. मला एवढेच दिसते की नगर-कोल्हापूरच्या पोरांनी काय शिकावे आणि कोणत्या भाषेत शिकावे, याचा निर्णय बोस्टनमध्ये पैसे देणारे लोक घेत होते. आज पैसे देणारे आपण आहोत. म्हणून निर्णय विचाराने घेण्याची जबाबदारीही आपल्यावर आली आहे.

पाच समजुती

आता तज्ज्ञांच्या वादाकडे येतो. १९६१ च्या जानेवारीत युगांडातल्या मकेरेरे येथे राष्ट्रकुल देशांची एक परिषद भरली होती. विषय होता, दुसरी भाषा म्हणून इंग्रजी कशी शिकवावी. त्या काळात इंग्रजी अध्यापनाच्या जगात ज्या पाच समजुती पक्क्या झाल्या, त्या १९९२ मध्ये रॉबर्ट फिलिपसन या भाषातज्ज्ञाने भाषिक साम्राज्यवादावरच्या आपल्या पुस्तकात एकेक करून तपासल्या आणि त्या भ्रामक आहेत असे म्हटले. त्या ऐकताना आपल्या तालुक्यातल्या इंग्रजी शाळांचे फ्लेक्स डोळ्यांसमोर येतात.

पहिली समजूत : इंग्रजी इंग्रजीतूनच शिकवावी. वर्गात मुलाची भाषा येऊ देऊ नये. यातूनच 'मराठी बोललास तर दंड' हा नियम येतो. मी अशा वर्गांत बसलो आहे. मुले दंड चुकवतात, ती गप्प राहून. जो मुलगा सुट्टीत पाड्यावरच्या गोष्टी तासभर सांगेल, तो वर्गात दिवसभर 'येस टीचर' आणि 'मे आय गो टु टॉयलेट' या पलीकडे जात नाही. बाहेरून पाहणाऱ्याला वर्ग शिस्तीचा वाटतो. आपल्या जुन्या पिढीने मात्र तर्खडकरांच्या भाषांतर पाठमालेवरून इंग्रजी शिकली. मराठी वाक्य, खाली इंग्रजी वाक्य. त्या पद्धतीत बोलणे कमी येत असे हे खरे, पण अर्थ कळत असे. आज अनेक तज्ज्ञ म्हणतात की मुलाची भाषा जपून आणि ठरवून वापरली तर इंग्रजी शिकायला मदतच होते.

दुसरी समजूत : उत्तम शिक्षक तोच, ज्याची जन्मभाषा इंग्रजी आहे. आपल्याकडे हिचे एक गमतीदार रूप आहे. हातकणंगल्याच्या बाजारात आडनाव ऐकून लोक म्हणतात, "तुम्ही ख्रिश्चन, म्हणजे घरात इंग्लिशच असणार." आपल्याला ठाऊक आहे, आपल्या घरात मराठी बोलतात, उपासना मराठीत होते, आणि 'ज्ञानोदय' हे नियतकालिक १८४२ पासून मराठी वाचकांसाठी निघाले. मुद्दा असा की जो शिक्षक स्वतः इंग्रजी ही परकी भाषा म्हणून कष्टाने शिकला, त्याला मूल कुठे अडखळते ते कळते. ती त्याची उणीव समजायचे कारण नाही.

तिसरी समजूत : जितक्या लवकर तितके चांगले. महाराष्ट्रात जून २००० पासून पहिलीपासून इंग्रजी विषय आला. शिक्षणमंत्री रामकृष्ण मोरे यांचा हेतू चांगला होता : श्रीमंतांच्या मुलांना जे पहिलीपासून मिळते, ते जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मुलालाही मिळावे. विषय म्हणून पहिलीपासून इंग्रजीची ओळख व्हावी, याला माझाही विरोध नाही. पण लवकर सुरुवात केली की आपोआप भाषा येते, हे खरे नाही. स्पेनमधल्या बार्सिलोना येथे झालेल्या दीर्घ अभ्यासात, शाळेत इंग्रजीचे तास सारखेच मिळाले तर उशिरा सुरू करणारी मोठी मुले लहान वयात सुरू करणाऱ्यांच्या पुढे राहिली असे दिसले. लहान मूल भाषा पटकन उचलते ते घरात, गल्लीत, दिवसभर ती कानावर पडते तेव्हा. आठवड्यातल्या मोजक्या तासांत ती जादू होत नाही.

चौथी समजूत : जितकी जास्त इंग्रजी तितकी चांगली. म्हणून गणित इंग्रजीत, परिसर अभ्यास इंग्रजीत, प्रार्थना इंग्रजीत. या समजुतीच्या पाठिंब्यासाठी कॅनडाचे उदाहरण देतात. १९६५ मध्ये माँट्रियलजवळच्या सेंट लँबर्ट येथे इंग्रजी घरातल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवण्याचा प्रयोग सुरू झाला, आणि तो यशस्वी ठरला. पण त्या मुलांची इंग्रजी घरात भक्कम होती, समाजात तिला मान होता, शिक्षकांना दोन्ही भाषा येत होत्या आणि पालक शिकलेले होते. पाड्यावरच्या मुलाकडे यातले काय असते?

आपल्या भागात पोरांना विहिरीत पोहायला शिकवताना पाठीला भोपळा किंवा पत्र्याचा डबा बांधतात आणि शेजारी कुणीतरी पाण्यात उतरलेले असते. कॅनडाची मुले अशी पाण्यात उतरली. आपण आदिवासी मुलाचा भोपळा सोडून घेतो, त्याला विहिरीत ढकलतो आणि काठावरून म्हणतो, "हात मार, येईल!" काही पोरे हातपाय मारून वर येतात. त्यांचे फोटो अहवालात छापतात. बाकीची सहावी-सातवीपर्यंत तळाशी जातात, आणि आपण म्हणतो, "त्याला शिक्षणाची आवडच नव्हती."

पाचवी समजूत : दुसऱ्या भाषा वापरल्या की इंग्रजी बिघडते. जणू डोके म्हणजे एक डबा, त्यात एक भाषा घातली की दुसरीची जागा जाते. कॅनडातले जिम कमिन्स यांनी १९७९ पासून उलट मांडणी केली. एका भाषेत नीट वाचायला, विचार करायला, कारण सांगायला शिकलेले मूल ते कौशल्य दुसऱ्या भाषेत बरोबर घेऊन जाते. वाचायला माणूस एकदाच शिकतो. दुसऱ्या भाषेत त्याला फक्त नवी अक्षरे आणि नवे शब्द शिकावे लागतात. कमिन्स यांनी आणखी एक महत्त्वाची गोष्ट दाखवली. स्थलांतरित मुलांना रोजच्या बोलण्याची इंग्रजी साधारण दोन वर्षांत येते, पण पुस्तकातला अभ्यास समजून घेण्याची इंग्रजी यायला पाच ते सात वर्षे लागतात. आणि ही मुले कॅनडात, इंग्रजीच्या समुद्रात राहणारी! आपण वसतिगृहाला भेट देतो, मूल 'गुड मॉर्निंग, माय नेम इज' असे म्हणते, आपण टाळ्या वाजवतो. पण विज्ञानाच्या धड्यातले एक वाक्य त्याला स्वतःच्या शब्दांत सांगता येते का, हे कुणी विचारत नाही.

फिलिपसन यांच्यावरही टीका झाली आहे, ती सांगितली पाहिजे. टीकाकार म्हणाले, की तुम्ही गरीब देशांतल्या लोकांना भोळे समजता. ते इंग्रजी शिकतात ते कुणी लादली म्हणून नाही, तर त्यांना तिचा उपयोग दिसतो म्हणून. आपल्या देशात चंद्रभान प्रसाद यांच्यासारखे दलित विचारवंत तर इंग्रजीला मुक्तिदात्री मानतात. ही टीका मला मान्य आहे. म्हणूनच मी म्हणतो, पालकांची इच्छा खरी आहे, तिचा मान राखायचा आहे. पण पालक इंग्रजी मागतात, आणि आपण त्यांना फक्त इंग्रजी पाटी असलेली शाळा देतो. या दोन गोष्टी एक नाहीत.

ज्याची मराठीही दुसरी भाषा

२०२५ साली आपल्या राज्यात भाषेवरून मोठे वादळ उठले, ते आपल्याला आठवत असेल. १६ एप्रिलला पहिलीपासून हिंदी तिसरी भाषा करण्याचा शासन निर्णय निघाला, १७ जूनला त्यात बदल झाला, आणि २९ जूनला सरकारने दोन्ही निर्णय मागे घेऊन डॉ. नरेंद्र जाधव यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्याचे जाहीर केले. सहा वर्षांच्या मुलावर तीन भाषांचे ओझे नको, असे सगळा महाराष्ट्र म्हणत होता. बरोबरच होते. पण मेळघाटातल्या कोरकू मुलासाठी ही गोष्ट तीन भाषांची नव्हतीच. त्याची घरची कोरकू, शाळेची मराठी, मग इंग्रजी, आणि वर हिंदी. म्हणजे चार. त्या गदारोळात त्या मुलाचा आवाज मला फारसा ऐकू आला नाही.

आपण सीमाभागाजवळचे लोक आहोत. आपल्या तालुक्यात घरात कन्नड बोलणारी कुटुंबे आहेत, इचलकरंजीच्या मागावर काम करणाऱ्यांच्या घरात तेलुगू आणि हिंदी आहे. घरची भाषा एक आणि शाळेची दुसरी म्हणजे काय, हे आपल्याला समजावून सांगावे लागत नाही. गडचिरोलीतली गोंडी तर कन्नडच्याच कुळातली. गोंडीत एक-दोन-तीन-चार म्हणजे उंदी, रंड, मूंद, नालूंग. कन्नडमध्ये ओंदु, एरडु, मूरु, नाल्कु. ज्यांच्या घरी कन्नड आहे, त्यांना यातले नाते लगेच ऐकू येईल. मराठी बोलणाऱ्या शिक्षकाला मात्र गोंडी मूल पहिल्या दिवशी एक अक्षर समजत नाही, आणि मुलाला शिक्षक समजत नाही. कोरकूचे कूळ आणखी वेगळे, ती संथालीची बहीण. नंदुरबारची भिली आणि पावरी, पालघरची वारली या मराठी-गुजरातीच्या जवळच्या. पण जवळची म्हणजे तीच नव्हे.

या भाषा म्हणजे कुणाच्या तरी बोलण्याचे बिघडलेले रूप नाही. २०११ च्या जनगणनेत भिली बोलणारे १ कोटी ४ लाख होते, गोंडी बोलणारे जवळजवळ ३० लाख, कोरकू बोलणारे सव्वासात लाख. कोकणी बोलणारे साडेबावीस लाख. कोकणी राज्यघटनेच्या आठव्या अनुसूचीत आहे, भिली आणि गोंडी अजून नाहीत. या भाषांची व्याकरणे लिहिण्यात मिशनऱ्यांचाही वाटा आहे. भिल्लांमध्ये काम करणाऱ्या सी. एस. थॉम्पसन यांनी १८९५ मध्ये भिलीचे, तर जॉन ड्रेक यांनी १९०३ मध्ये कोरकूचे व्याकरण प्रसिद्ध केले. सव्वाशे वर्षांपूर्वी आपल्या आधीच्या लोकांना ही भाषा शिकण्याच्या लायकीची वाटली. आज आपल्याच वसतिगृहात ती बोलली तर दंड व्हावा, हे कसे जुळते?

कायदा काय म्हणतो? राज्यघटनेच्या कलम ३५०-अ प्रमाणे भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक शिक्षण मातृभाषेतून मिळण्याची सोय करण्याचा प्रयत्न राज्याने करायचा आहे. २००९ चा शिक्षण हक्क कायदा शक्य तितके मातृभाषेतून शिकवा म्हणतो. २०२० चे राष्ट्रीय शैक्षणिक धोरण किमान पाचवीपर्यंत घरच्या भाषेचा आग्रह धरते. दुसरीकडे २०१४ मध्ये सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठाने सांगितले की सरकार मातृभाषा माध्यम म्हणून सक्तीने लादू शकत नाही. माध्यम निवडण्याचा हक्क मुलाचा, म्हणजे त्याच्या वतीने पालकांचा. आणि आपल्या राज्याचा आदिवासी विकास विभाग अनुसूचित जमातींच्या मुलांना 'नामांकित' इंग्रजी माध्यमाच्या निवासी शाळांत घालण्याची योजना चालवतो, फी सरकार भरते. मोहगाव या धानोरा तालुक्यातल्या गावाने मात्र २०१९ मध्ये ग्रामसभेच्या बळावर गोंडी माध्यमाची शाळा काढली, तर शिक्षण विभागाने ती अनधिकृत ठरवली आणि प्रकरण उच्च न्यायालयात गेले. म्हणजे कागदावर मातृभाषा, पैसा इंग्रजी माध्यमाला, आणि गावाने स्वतः शाळा काढली तर नोटीस. या ओढाताणीत मूल उभे आहे.

मग काय करावे?

वाट दाखवणारी माणसे आपल्याच राज्यात झाली. ताराबाई मोडक आणि अनुताई वाघ यांनी १९४५ मध्ये बोर्डीला, आणि पुढे कोसबादला, वारली मुलांसाठी काम उभे केले. मुले गुरे राखायला जात, म्हणून शाळाच कुरणात नेली. मुलाच्या जगातून शिक्षण सुरू झाले. नर्मदेच्या खोऱ्यात १९९० च्या दशकाच्या सुरुवातीला जीवनशाळा निघाल्या, तिथे गावातलेच तरुण मुलांच्या भाषेतून शिकवू लागले. ओडिशा सरकारने २००६-०७ पासून दहा आदिवासी भाषांत पहिलीचे शिक्षण सुरू केले, आणि मग पायरीपायरीने उडिया आणि इंग्रजीकडे नेले.

यात अडचणी आहेत, त्या मी लपवत नाही. एका वर्गात दोन-तीन भाषांची मुले असतात. पुस्तके नाहीत. शिक्षकाची बदली होते. गोंडीचीही गावागणिक रूपे वेगळी. पण सगळे जमत नाही म्हणून काहीच करू नये, असे नाही. कामाच्या अनुभवातून मला चार गोष्टी आपल्या आवाक्यातल्या वाटतात.

एक, बालवाडी ते दुसरीपर्यंत मुलांची भाषा बोलणारी एक ताई किंवा दादा वर्गात असावा. बारावी झालेली पाड्यावरची मुलगी हे काम उत्तम करते. शिक्षक मराठीत सांगतील, ती मुलाच्या भाषेत उलगडेल.

दोन, इंग्रजी पहिल्या दिवसापासून, पण कानाने आणि तोंडाने. गाणी, खेळ, 'उभा राहा, दार उघड, मला लाल खडू दे' अशा सूचना. वाचन-लेखन मात्र आधी त्या भाषेत, जी मुलाला समजते. ती पक्की झाली की इंग्रजी अक्षरे जड जात नाहीत.

तीन, मोठ्या मुलांना इंग्रजी पाठ करून घेण्याऐवजी इंग्रजीतून काहीतरी करायला द्यावे. एन. एस. प्रभू यांनी १९७९ ते १९८४ या काळात बंगळूर आणि मद्रास भागातल्या साध्या शाळांत हेच करून पाहिले. नकाशे, वेळापत्रके, कोडी. आपल्या हातकणंगले स्टेशनवरचे मिरज-कोल्हापूर गाड्यांचे वेळापत्रक इंग्रजीत फळ्यावर लिहा आणि विचारा, 'अकराच्या आत कोल्हापूरला पोहोचायचे तर कोणती गाडी पकडाल?' मूल आपसांत आपल्या भाषेत चर्चा करेल, उत्तर इंग्रजीत देईल. चूक झाली तरी डोके चालू राहील. यासाठी महागडी शाळा लागत नाही.

चार, भाषेवरून दंड, हसणे, टोमणे ताबडतोब बंद. ज्या मुलाला आपल्या आईची भाषा लाज वाटायला लावली, ते मूल सुट्टीत घरी जाते तेव्हा आईशी बोलायचे कमी करते. त्याला मिळालेले इंग्रजी या किमतीचे नसते.

आपण विचारायचे प्रश्न

आपण देणगीदार आहात. तुमच्या प्रश्नांना वजन आहे. वसतिगृहे आणि शाळा तुम्ही जे विचारता तेच दाखवायला शिकतात. 'किती मुले इंग्लिश मीडियमला?' असे आपण विचारत राहिलो, तर तेवढा आकडा वाढत जाईल. म्हणून यापुढे असे विचारा : तिसरीतले मूल न पाहिलेला परिच्छेद वाचून त्याचा अर्थ स्वतःच्या शब्दांत सांगते का? कोणत्याही भाषेत सांगू दे. वर्गात त्याची भाषा समजणारे कुणी आहे का? सातवीतले मूल इंग्रजीत स्वतःच्या मनातली चार वाक्ये बोलते का, की पाठ केलेली? किती मुले पाचवीनंतर शाळा सोडून गेली, आणि का?

हे प्रश्न केवळ आदिवासी मुलांपुरते नाहीत. 'असर' या संस्थेच्या २०२३ च्या पाहणीत ग्रामीण भारतातल्या १४ ते १८ वयाच्या मुलांपैकी सुमारे ५७ टक्क्यांना इंग्रजीतली सोपी वाक्ये वाचता आली, आणि जी वाचू शकली त्यांतल्या साधारण एक चतुर्थांश मुलांना त्यांचा अर्थ सांगता आला नाही. त्याच पाहणीत सुमारे २५ टक्के मुलांना आपल्या प्रादेशिक भाषेतला दुसरीच्या पातळीचा उताराही सलग वाचता आला नाही. ज्याचे आपल्या भाषेतले वाचन कच्चे, त्याची इंग्रजी कशावर उभी राहणार? आपल्या घरातल्या, इंग्रजी शाळेत जाणाऱ्या नातवंडांनाही संध्याकाळी मराठीत गोष्ट वाचून दाखवा. त्यांच्या इंग्रजीचे त्याने नुकसान होणार नाही.

हा हातकणंगले तालुका कर्मवीर भाऊराव पाटलांच्या जन्माचा. कुंभोज इथून दूर नाही. त्यांनी १९१९ मध्ये रयत शिक्षण संस्था काढली, ती गरिबाच्या पोराला आपल्या पायावर उभे करण्यासाठी. त्याआधी १९१७ मध्ये शाहू महाराजांनी कोल्हापूर संस्थानात प्राथमिक शिक्षण सक्तीचे व मोफत केले. मूल शाळेत आले पाहिजे, ही लढाई त्यांनी आपल्यासाठी लढली. शाळेत आलेल्या मुलाला तिथे जे बोलले जाते ते समजले पाहिजे, ही लढाई आपल्या वाट्याला आली आहे.

प्रेषितांची कृत्ये या पुस्तकाचा दुसरा अध्याय आपल्याला माहीत आहे. पेन्टेकॉस्टच्या दिवशी यरुशलेमेत जमलेल्या परदेशी लोकांना आधी एक भाषा शिकून या, असे कुणी सांगितले नाही. प्रत्येकाला ज्याच्या त्याच्या भाषेत ऐकू आले. म्हणून त्यांना समजले, आणि समजले म्हणून ते पुढे गेले. शिक्षणाचाही क्रम तोच आहे, आधी समजणे आणि मग पुढे जाणे.

तर पुढच्या वेळी मला भेटाल तेव्हा 'इंग्लिश मीडियम आहे ना?' असे विचारू नका. 'मुलांना समजतंय ना?' असे विचारा. त्या प्रश्नाचे उत्तर द्यायला मला अधिक कष्ट पडतील, आणि ते पडलेच पाहिजेत.